तांड्याबरोबर चाललेलं कुत्रं

चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला आम्ही औट्रम घाटच म्हणतो. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा बाविशीतला इंग्रज अधिकारी खान्देशात आला, धरणगावला त्याने भिल्लांची पलटण उभी केली आणि पुढची नऊ-दहा वर्षं सातमाळ्यापासून सातपुड्यापर्यंत वाघांची शिकार केली. त्याच्या चरित्रकाराने त्या काळात पडलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या वर दिला आहे. त्याचं नाव घाटाला राहिलं, आणि १९८६ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा त्यालाही गौताळा औट्रमघाट हेच नाव मिळालं. पण साहेबाच्या आधी आणि नंतरही खान्देशातून मीठ, धान्य, कापूस बैलांच्या पाठीवर लादून देशावर नेणारे जे लमाण, म्हणजे बंजारे, होते, त्यांचं नाव कुठल्या घाटाला नाही. आणि त्या बैलांच्या दोन्ही अंगांनी जे कुत्रं चालत होतं, त्याचा तर कुणाला पत्ताही नाही. मी पशुवैद्य. नोकरी सगळी चाळीसगाव, पाचोरा, साक्री, शिरपूर अशा तालुक्यांत झाली. गुरं तपासायला तांड्यावर गेलो की गोठ्याच्या कडेला बसलेल्या त्या कुत्र्याकडे माझं लक्ष जायचं. त्याची हकीकत लिहायची मनात फार वर्षं होती.

तांड्यावरच्या जुन्या माणसांनी मला जे कुत्रं वर्णन करून सांगितलं ते असं. उंच, माणसाच्या मांडीला लागणारं. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय लांब पण हाड जाड. अंगावरची लव मऊ आणि मध्यम लांबीची. कानांवर, मागच्या मांड्यांवर आणि शेपटीला मात्र लांब रेशमी केसांची झालर. रंग बहुतेक काळा, त्यात राखाडी किंवा निळसर झाक. इंग्रज लेखक रॉबर्ट लेटन याने १९०७ साली कुत्र्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात बंजारा हाउंडचं वर्णन आहे आणि ते तांड्यावरच्या वर्णनाशी जवळजवळ जुळतं: उंची अठ्ठावीस इंचांच्या आसपास, केस राठ तरी रेशमी, कान-पाय-शेपटी झुपकेदार, इराणी ताझीसारखं पण तिच्यापेक्षा भरीव अंगाचं, दिवसभर न थकणारं आणि नाकाचं तिखट. शुद्ध वाणाचं कुत्रं दुर्मीळ झालं आहे, ही हळहळही तिथे आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच हे कुत्रं हातातून निसटू लागलं होतं.

डोळ्यांनी शिकार करणारी कुत्री आणि नाकाने माग काढणारी कुत्री असे दोन ढोबळ वर्ग आमच्या शास्त्रात मानतात. ग्रेहाउंड, ताझी, कारवानी ही पहिल्या वर्गातली. ससा उठला, डोळ्यांत भरला की धावतात. नजरेआड गेला की बहुतेक वेळा थांबतात. लमाणांच्या कुत्र्याकडे डोळेही होते आणि नाकही. हा दुहेरी गुण का आला, हे समजायला ते ज्या रस्त्यावर घडलं तो रस्ता बघायला हवा.

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जाणारा मोठा मार्ग खान्देशातून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने त्या मार्गावरचे मुक्काम लिहून ठेवले आहेत. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर, मग बऱ्हाणपूर. ही सगळी नावं आजही आमच्या एसटीच्या पाट्यांवर आहेत. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन जाताना पाहिल्याचं तो सांगतो. त्याच्या आधी आलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने एका तांड्यात चौदा हजार बैल असल्याचं नोंदलं आहे, आणि तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाही हेही.

ते सहा-सात मैल मला महत्त्वाचे वाटतात. बैलांना चरत चरत पुढे न्यायचं, म्हणून चाल संथ. कुत्र्याला त्या चालीत काहीच श्रम नाहीत. मग ते रस्ता सोडून कडेच्या माळात शिरतं, गवत हुंगतं, ससा उठवतं, घोरपड काढतं, हरणाच्या पाडसामागे पळतं आणि पुन्हा तांड्याशी येऊन मिळतं. भटकलेला बैल शोधायला वासावर जायचं, म्हणून नाक हवं. उघड्या माळावर शिकार आटपायची, म्हणून वेग हवा. रात्री मुक्काम पडला की गोण्यांची भिंत रचायची, आत बायका-पोरं, बाहेर बैल, आणि सगळ्यांच्या बाहेर कुत्री. तिथे लांडगा येतो, तरस येतं, चोर येतो, म्हणून अंगात ताकद आणि छातीत हिंमत हवी. माणसाने बसून कागदावर वाण आखला नाही. जे कुत्रं यातलं एखादं काम करू शकलं नाही ते मागे राहिलं, रस्त्यात मेलं किंवा कुणा गावाला देऊन टाकलं. जे टिकलं त्याचीच पिल्लं पुढे चालली.

लांब केस कुठून आले याचा माझा तर्क बऱ्हाणपूरकडे जातो. अकबराला कुत्र्यांचा शौक होता आणि काबूलकडची, त्यातही हजारा भागातली कुत्री उत्तम मानली जात, हे ‘ऐने अकबरी’त आहे. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. त्यानंतरची शंभर वर्षं मोगल फौजा, शहाजादे, त्यांचे शिकारखाने बऱ्हाणपूरला येत-जात राहिले, आणि त्या फौजांना धान्य पुरवणारे लमाण त्यांच्या छावण्यांच्या कडेलाच उतरत. तिकडच्या झालरवाल्या ताझीचं रक्त इकडच्या कुत्रीत उतरायला याहून जवळीक लागत नाही. शिकारी कुत्रं मात्र इथे त्याच्याही आधीपासून होतंच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सुतसोम जातकाचं चित्र आहे, त्यातला राजा शिकारीला निघतो आणि त्याच्या लवाजम्यात कुत्री आहेत. चाळीसगावच्या शाळांच्या सहली दरवर्षी तिथे जातात. शिक्षकांनी पोरांना ती कुत्री बोट धरून दाखवावीत असं मला फार वाटतं.

आता तांड्यातलं शिक्षण. याला शिक्षण म्हटलेलं तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं, कुत्र्याला कुत्रं शिकवतं, माणूस फक्त आवरतो. पण त्या आवरण्यातच किती विद्या होती ते मी पाहिलं आहे.

पाटणादेवीच्या अलीकडच्या एका तांड्यावर एक आजी होत्या. सगळा तांडा त्यांना याडी म्हणे, मीही याडीच म्हणायचो. त्यांच्याकडे एक काळी कुत्री होती, कानांना झालर, शेपूट झुपकेदार, बाकी अंग गावठीकडे झुकलेलं. ती व्याली की याडी पहिले आठ-दहा दिवस पिल्लांना कुणाला हात लावू देत नसत. डोळे उघडले, पिल्लं रांगू लागली की मात्र घरातल्या प्रत्येक माणसाने रोज एकदा त्यांना हातात घ्यायचं, अगदी पाहुण्यानेही. नातवंडांना त्या सांगत, “घे रे हातात, त्याला माणसाचा वास कळू दे.” पिल्लांच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणसांची ओळख पक्की व्हावी लागते, नाहीतर कुत्रं जन्मभर बुजरं राहतं, हे आम्हाला महाविद्यालयात शिकवलं गेलं. याडींना ते कुणी शिकवलं नव्हतं.

तीन महिन्यांचं पिल्लू झालं की ते शेळ्यांबरोबर जायला लागे, पण मोकळं नाही. आईच्या गळ्यातल्या दोरीला त्याची दोरी बांधलेली. आई ज्याकडे दुर्लक्ष करते त्याकडे दुर्लक्ष करायचं, आई ज्यावर कान टवकारते त्यावर टवकारायचे. कोंबडी, शेळीचं करडू, वासरू यांच्यामागे पिल्लू झेपावलं की आईच त्याला गुरकावून खाली दाबे. माणसाला काठी उगारावी लागत नसे, आणि याडी उगारूही देत नसत. या जातीचं कुत्रं फार मानी असतं, एकदा मार खाल्ला तर हाक मारल्यावर जवळ येणं सोडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. माझाही अनुभव तोच. वेगवान शिकारी कुत्र्याला दटावून हाक शिकवता येत नाही. ते तुमच्यापासून क्षणात शंभर पावलं लांब गेलेलं असतं, परत यावंसं वाटलं तरच ते परत येतं. म्हणून तांड्यात हाक आणि घास यांची गाठ पक्की बांधलेली असे. रोज संध्याकाळी एकाच जागी, एकाच आवाजात हाक, आणि त्याबरोबर भाकरीचा तुकडा. घास दुसऱ्या कुठल्या वेळी कुणी द्यायचा नाही.

फारच उनाड निघालं तर गळ्यात लोढणं. ओढाळ गुरांच्या गळ्यात घालतात तसाच लाकडाचा ठोकळा, फक्त हलका. पुढच्या पायांच्या मध्ये लोंबकळतो. चालायला अडचण नाही, पण पळायला गेलं की गुडघ्याला लागतो. पिल्लाचं हाड भरायच्या आधी त्याला जोरात पळू द्यायचं नाही, यासाठीही तेच लोढणं कामी येई. वर्षाच्या आत सशाच्या पाठलागावर सोडलेलं कुत्रं पुढे खांद्यातून लंगडतं, हे म्हातारे सांगत. मोठ्या हाडाच्या जातींत सांधे भरायला वर्ष-सव्वावर्ष लागतं, तेव्हा त्यांचं गणित बरोबरच होतं.

केसांची निगा हा वेगळा विषय आहे, आणि खान्देशात तर फारच. पावसाळा सरता सरता आमच्या माळांवर कुसळी गवत वाळतं. त्याचं कुसळ एका बाजूने टोकदार, मागे पीळ. ओल लागली की पीळ उलगडतो आणि टोक आत आत घुसतं. लांब केसांत ते अडकतं, केसांच्या आडून कातडीत जातं, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतं. मी कुत्र्याच्या पंजातून काढलेली कुसळं कधी कधी घोट्याच्या वर निघाली आहेत. बेचक्यात शिरून कातडीखालून वर चढलेली, मागे पूची वाट ठेवत. याडींचा उपाय साधा होता. अश्विन-कार्तिकात रोज दिवेलागणीला कुत्री मांडीवर आडवी. डाव्या हाताच्या अंगठ्याने बेचकी फाकवायची, उजव्या हाताने चाचपडायचं, डोळ्यांनी नाही, कारण कुसळ दिसत नाही, बोटाला टोचतं. मग कानाची पाळी उलटी करून फुंकर. मग कानांच्या आणि शेपटीच्या झालरीला करंजीच्या तेलाचं बोट लावून लाकडी फणी, मुळाकडून नाही, टोकाकडून वर. गोखरू निघाला नाही तर तेवढीच बट कापायची. सगळ्याला पाव तास लागत असेल, आणि तेवढा वेळ कुत्री डोळे मिटून पडलेली असे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी लांब केसांचं कुत्रं मशीनने भादरायला घेऊन येतं. मी हात जोडून सांगतो, नका करू. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घाम गाळून थंड होत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकून थंड होतं. अंगावरची लव बाहेरच्या उन्हालाही अडवते. ती काढली की कातडी भाजते, आणि पुन्हा येणारे केस तसे रेशमी येतीलच असं नाही. केस विंचरून मोकळे ठेवा, पोटाखाली ओल मिळू द्या, दुपारी बाहेर काढू नका. रावेर-यावलकडची केळीच्या मळ्यातली कुत्री बघा. दुपारभर ठिबकच्या नळीजवळ खड्डा उकरून पोट टेकून पडलेली असतात. तांड्याचं चालणंही उन्हाळ्यात पहाटे सुरू होऊन ऊन चढायच्या आत संपत असे.

या कुत्र्याची किंमत काय होती, हे एका गोष्टीवरून कळतं. एका लमाणाने सावकाराकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून आपलं कुत्रं ठेवलं. सावकाराकडे चोरी झाली, चोरांनी माल पुरून ठेवला होता तिथे कुत्र्याने सावकाराला नेलं. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडलं. वाटेत लमाणाने त्याला एकटं येताना पाहिलं, कुत्र्याने आपली पत बुडवली असं वाटून रागाच्या भरात त्याला मारलं, आणि मग चिठ्ठी सापडली. छत्तीसगडमध्ये बालोदजवळ खपरी गावात कुकुरदेवाचं देऊळ आहे, मध्य प्रदेशात दिंडोरीजवळ कुकर्रामठ आहे. दोन्हीकडे हीच गोष्ट सांगतात. ऐकणारे लमाणाच्या पश्चात्तापाने हळहळतात, तशी माझीही अवस्था होते. पण मला त्यातली पहिली ओळ जास्त बोलकी वाटते. सावकाराने कुत्रं तारण म्हणून घेतलं. हजारो बैलांचा व्यापार करणाऱ्या माणसाची पत कुत्र्यावर ठरते, ही गोष्ट मुलखाला विश्वास ठेवण्यासारखी वाटली, म्हणून ती इतकी पसरली.

लढाया लमाणांच्या पाठीवर लढल्या गेल्या असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, शिंदे-भोसल्यांविरुद्धची मोहीम चालवली तेव्हा फौजेच्या धान्याची भिस्त लमाणांच्या बैलांवर होती. असईची लढाई त्याच मोहिमेतली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने असीरगड घेतला. पंधरा वर्षांनी खान्देश इंग्रजांकडे गेला तेव्हा पहिला राजकीय प्रतिनिधी म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. या ब्रिग्जने बंजाऱ्यांचं मूळ आणि रीतिभाती यांवर निबंध लिहिला होता, तो १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात छापला गेला. फौजेला जगवणारी माणसं म्हणून त्यांची दखल घेणारी ती शेवटची पिढी म्हणायची. पन्नास-साठ वर्षांत सगळं पालटलं.

आधी मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरवरून पक्का झाला, त्यावर बैलाच्या पाठीपेक्षा गाडी सोयीची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो कापूस न्यायला आगगाडी आली. १८६० च्या दशकात रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करत पुढे गेले. १८६७ मध्ये नागपूर जोडलं गेलं, १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्ता. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला. मीठ आता वाघिणीतून येऊ लागलं. त्याच सुमारास, १८७८ च्या वनकायद्याने जंगलं राखीव झाली आणि वाटेवर बैल चारायचा हक्क गेला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला, आणि फिरणारा माणूस तेवढ्यावरूनच संशयित ठरू लागला. तांडे जिथे होते तिथे थबकले. सातमाळ्याच्या पायथ्याशी, गावापासून अर्धा कोस लांब, मुरमाड जमिनीवर. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण रस्ता परत आला नाही.

कुत्र्याचं काय झालं? ते रोगाने संपलं नाही, कुणी मारलंही नाही. त्याचं काम गेलं. थांबलेल्या तांड्याला दहा-दहा मोठी कुत्री पोसणं परवडत नव्हतं. दोन राहिली, मग एक. माजावर आलेल्या कुत्रीला जोड मिळे ती गावातल्या कुत्र्याची. चालत्या तांड्यात हजारो बैलांबरोबर शेकडो कुत्री असत, तिथे वाण आपोआप राखला जाई. चार पिढ्यांत झालर कानांपुरती उरली, मग शेपटीपुरती. तरी एखाद्या वेतात अचानक सगळं उतरतं. खोल छाती, लांब मुस्कट, झुपकेदार पाय, आणि तांड्यातले म्हातारे लांबून ओळखतात.

शेजारच्या मुलखांत असं झालं नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी आपल्याकडची शिकारी कुत्री राखली, मालोजीराजांनी त्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, आणि मुधोळ हाउंड हे नाव जगाला कळलं. लातूरकडे कारवानी आणि त्याचं लांब केसांचं भावंड पश्मी, दोन्ही गावोगाव पाळली गेली. शेतकरीच हौसेने जोड लावत राहिले. मेजर सोमणांनी १९६३ मध्ये भारतीय कुत्र्यांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ यांना जात म्हणून नोंदणी दिली. खान्देशात असा कुणी संस्थानिक नव्हता, मुलूख थेट इंग्रजांचा. शिकार होती ती साहेबाची, आणि साहेब हाकाऱ्यांच्या जोरावर हत्ती-बंदुकीने वाघ मारायचा. लमाणाचं कुत्रं त्याच्या हिशेबात नव्हतं.

हल्ली जळगाव-धुळ्यात पश्मीची पिल्लं मोबाइलवर फोटो बघून विकत घेतली जातात. मला याचं वाईट वाटत नाही, देशी कुत्र्याकडे कुणी वळतं हे चांगलंच. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे कुत्रं ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोकळं पळायला कुंपण घातलेली जागा लागते. कुंपण नसेल तर पट्टा सोडू नये, कारण मांजर दिसली की समोरून येणारा ट्रक त्याला दिसत नाही. पळून आल्यावर लगेच खायला घालू नये आणि खाल्ल्यावर तासभर पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो आणि तो काही तासांत जीव घेतो. गुरांच्या गोचिडांचं औषध त्याच्या अंगाला चोपडू नये. लांब केसांत ते साठतं, कुत्रं चाटतं, आणि झटके देत दवाखान्यात येतं. शस्त्रक्रिया करायची तर डॉक्टरांना आधी सांगावं की हे शिकारी जातीचं आहे. अंगात चरबी कमी असल्याने जुन्या पद्धतीची भुलीची औषधं त्याच्या रक्तात फार वेळ रेंगाळतात. आहाराला मात्र फार थाटमाट लागत नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ताक, आठवड्यातून काही वेळा अंडं किंवा मांस, एवढ्यावर मी उत्तम कुत्री वाढलेली पाहिली आहेत.

शिकार आता नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य प्राणी-पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता, १९७२ च्या केंद्रीय कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार सरसकट बंद झाली, आणि ते योग्यच झालं. माळावर चिंकारा उरलाच किती. कुत्रं घेऊन सशामागे जाणाऱ्या पोरांना मी स्पष्ट सांगतो की हा गुन्हा आहे आणि परंपरेच्या नावाखाली तो झाकता येणार नाही. पण या कुत्र्याच्या कामाचा तो एक हिस्सा होता. दुसरा हिस्सा राखणीचा, आणि त्याची गरज संपलेली नाही. साक्रीकडचे ठेलारी धनगर अजून मेंढ्या घेऊन फिरतात, त्यांच्या वाड्याबाहेर रात्री कुत्रीच जागतात. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा शेतवस्तीवरच्या लोकांनी मला कितीदा विचारलं, डॉक्टरसाहेब, दमदार कुत्रं कुठे मिळेल? त्या प्रश्नाचं उत्तर याच तालुक्यात घडलेलं होतं.

आणि तांडा अजून चालतोच आहे. दसरा झाला की चाळीसगाव, पाचोरा, कन्नडकडचे तांडे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजरीचं पोतं, म्हातारी, पोरं, आणि वर कुत्रं. नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडे कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात. पहाटे नवरा-बायको फडात जातात, पोरं कोपीत एकटी, ऊस म्हणजे बिबट्याचं घर. तिथे कोपीच्या दाराशी जे बसतं ते हेच कुत्रं, त्याच गुणांसाठी ठेवलेलं. पण सहा महिने परमुलखात राहून कुत्री तिथल्या कुठल्याही कुत्र्यापासून गाभण राहते आणि आखाजीच्या सुमाराला परत येते. लस टोचलेली नसते, त्यामुळे पिसाळण्याचा आणि डिस्टेंपरचा धोकाही सोबत येतो. वाण राखायचा तर याच फेऱ्याला धरून राखावा लागेल.

माझी मागणी मोठी नाही. आखाजीपासून दसऱ्यापर्यंत तांडा घरी असतो. त्या काळात पशुसंवर्धन खात्याच्या माणसांनी सातमाळ्याच्या पायथ्याचे तांडे फिरावेत. खोल छाती आणि कानांची झालर असलेली कुत्री नोंदवावीत, मापं घ्यावीत, फोटो काढावेत, जनुकांच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना घ्यावा. पश्मीशी आणि कारवानीशी त्यांचं नातं किती ते त्यातून कळेल. मालकाला विचारून दोन चांगल्या वेतांची जोड तांड्यातच लावून द्यावी, पिल्लं तांड्यातच ठेवावीत, विकत घेऊन शासकीय केंद्रात पिंजऱ्यात नेऊ नयेत. कुत्र्याला वळण लावणारी आई आणि हात लावणारी पोरं तिकडे मिळणार नाहीत. आणि ट्रॉली भरायच्या आधी, भाद्रपदातच, प्रत्येक कुत्र्याला पिसाळण्यावरची आणि डिस्टेंपरची लस द्यावी. याडी आता नाहीत. त्यांची नात ऊसतोडीला जाते, तिच्याकडे त्या काळ्या कुत्रीची पणती आहे, आणि अश्विनात संध्याकाळी ती तिची बेचकी तशीच चाचपते. नोंदणीची पहिली ओळ तिच्या घरापासून लिहिता येईल.